कुट्टनाडचा अनूप देश

आपल्या आयुर्वेदाच्या ग्रंथकारांनीं भूमीचे तीन प्रकार सांगितले आहेत : जांगल, अनूप आणि साधारण. जेथें पाणी थोडें, झाडें विरळ व हवा कोरडी तो जांगल देश. जेथें पाणी विपुल, झाडी दाट व हवा दमट तो अनूप. आणि जेथें दोहोंचीं लक्षणें सारखीं आढळतात तो साधारण. देशावर जन्म काढलेल्या आम्हां लोकांना पहिल्या प्रकाराची ओळख शिकवावी लागत नाहीं. ज्येष्ठांत आभाळाकडे डोळे लावून बसणें आणि आडाचें पाणी तळाला गेलें म्हणजे अर्ध्या घागरीवर समाधान मानणें हें आमच्या अंगवळणीं पडलें आहे. कोंकणांतील बांधवांचा पाण्याशीं परिचय अधिक. परंतु तेथेंहि तें डोंगरावरून कोसळतें आणि उतारानें समुद्राकडे धांवत सुटतें. जेथें पाणी थांबलें आहे, नुसतें थांबलें नाहीं तर घरोब्यानें राहिलें आहे, असा खरा अनूप देश पाहावयाचा असेल तर केरळांत वेंबनाड सरोवराच्या कांठीं कुट्टनाड नांवाच्या प्रांतांत गेलें पाहिजे.

आलप्पुळा, कोट्टयम आणि पत्तनंतिट्टा या तीन जिल्ह्यांत हा सखल प्रदेश पसरलेला आहे. आपला सह्याद्रि येथेंहि आहे. पण देशावरच्या माणसाला तो नेहमीं मावळतीकडे पाहण्याची संवय, आणि येथें तो उगवतीला उभा असतो. त्याच्या कुशींतून पंपा, मणिमला, अच्चन्कोविल आणि मीनच्चिल या चार नद्या खालीं उतरतात. शबरीमलेच्या यात्रेकरूंनीं जिच्यांत स्नान करावयाचें तीच ही पंपा. या नद्यांचें पाणी समुद्राच्या अगदीं जवळ येऊन थबकतें; कारण समुद्र आणि ही भूमि यांच्यामध्यें वाळूचा एक लांबच लांब पट्टा आडवा पडलेला आहे. अडलेल्या पाण्याचें सरोवर झालें तेंच वेंबनाड. मलयाळम् भाषेंत अशा सरोवराला ‘कायल’ म्हणतात. उत्तरेस कोचीपाशीं त्याला समुद्राचें द्वार आहे. त्याची लांबी सुमारें ९६ किलोमीटर असून भारतांत याहून लांब सरोवर नाहीं. जगांतील महत्त्वाच्या पाणथळ भूमींची जी रामसर येथील करारान्वयें यादी होते, तींत या प्रदेशाचा समावेश २००२ सालीं झाला.

या भूमीच्या पोटांत एक जुनें अरण्य गाडलेलें आहे. कित्येक ठिकाणीं शेत खणलें असतां कोळशासारखे काळे पडलेले लांकडाचे ओंडके निघतात व मातीहि काळी लागते. तेथील भाषेंत कोळशाला ‘करी’ म्हणतात. म्हणून रामंकरी, मित्रक्करी, चेन्नंकरी अशीं गांवांचीं नांवें पडलीं. ‘चुट्ट नाड’ म्हणजे जळालेला देश, त्याचेंच कुट्टनाड झालें, असें कांहीं लोक सांगतात. आणि कृष्णार्जुनांनीं अग्नीला अर्पण केलेलें खांडववन तें हेंच, अशीहि एक स्थानिक समजूत आहे. ती इतिहासाच्या कसोटीला उतरेल असें नाहीं. पण जो देश आज पाण्यानें भरला आहे त्याचें नांव अग्नीवरून पडावें, ही कल्पना मोठी रम्य आहे खरी.

आम्ही चार मंडळी तेथें पौषांत गेलों होतों. पुण्यास शाली पांघरून गाडींत बसलों आणि आलप्पुळ्यास उतरतांना त्या शाली वळकटींत बांधाव्या लागल्या, इतकी तेथील हवा उबदार होती. आलप्पुळ्याहून पाण्याच्या मार्गानें कोट्टयमकडे जाणाऱ्या सरकारी मोटारनावा सुटतात. या नावांचें राज्याचें स्वतंत्र खातें १९६८ पासून चालूं आहे. आपल्याकडे एस. टी.ची गाडी ज्या ऐटींत गांवोगांव थांबते त्याच ऐटींत ही नाव धक्क्याधक्क्याला लागते. शाळेंतील मुलें दप्तरें सांवरीत चढतात, कोंबड्यांची पाटी घेऊन एखादी बाई येते, टपाल उतरतें, आणि दोन मिनिटांत नाव पुन्हां चालूं लागते. भाडें इतकें अल्प कीं तें सांगितलें तर घरीं कोणी विश्वास ठेवीत नाहीं.

पहिला तासभर डोळ्यांना नुसती मेजवानी असते. दोन्ही कांठांवर नारळीचीं झाडें पाण्याकडे इतकीं झुकलेलीं असतात कीं त्यांच्या झावळ्यांची सांवली नावेवरून सरकत जाते. कांठाशीं केवड्याचीं बनें, मध्येंच पांढऱ्या कुमुदांचा ताटवा, आणि त्यांच्या रुंद पानांवर पाय न बुडवितां लगबगीनें चालणारा कमळपक्षी. पाण्यांत रोंवलेल्या प्रत्येक खांबावर कोणी ना कोणी आसन मांडलेलें असतें. कोठें पंख पसरून वाळवीत बसलेला पाणकावळा, कोठें निळ्या अंगाचा खंड्या, कोठें ध्यानस्थ बगळा. तांबूस पाठीची व शुभ्र मानेची ब्राह्मणी घार वर संथपणें घिरट्या घालते आणि एकाएकीं पाण्यावर उतरून पुन्हां वर जाते. सरोवराच्या पूर्व कांठीं कुमरकोम येथें पक्ष्यांसाठीं एक अभयारण्यच राखलें आहे. पक्षी ओळखण्याची ज्यांना हौस आहे त्यांनीं तेथें पहांटेंच जावें, कारण ऊन चढलें कीं हीं मंडळी झाडींत दिसेनाशीं होतात.

परंतु या प्रवासांतील खरें आश्चर्य याच्या पुढें आहे. नाव अरुंद कालव्यांतून जातांना सहज कांठापलीकडे नजर गेली आणि आमच्यापैकीं प्रत्येकजण क्षणभर स्तब्ध झाला. मातीचा एक बांध, त्याच्या अलीकडे भरलेलें पाणी, आणि पलीकडे चांगलें पुरुषभर खालीं हिरवेंगार भाताचें शेत ! गच्चीवरून अंगणांत पाहावें तसें आम्ही नावेंतून शेताकडे खालीं पाहत होतों. पाणी वर आणि शेत खालीं, ही गोष्ट देशावरच्या माणसाच्या बुद्धीला पटण्यास थोडा वेळ लागतो. येथील बरींचशीं शेतें समुद्रसपाटीच्याहि खालीं आहेत. या शेतीच्या पद्धतीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनें २०१३ सालीं जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून मान्यता दिली.

हें कसें साधलें, हें समजून घेतल्यावांचून कुट्टनाडचें सौंदर्य अर्धेंच दिसतें असें मला वाटतें. सरोवराचा उथळ भाग निवडावयाचा. त्याच्या तळांत नारळीच्या व बांबूच्या खांबांच्या ओळी ठोकावयाच्या. त्यांमध्यें वाळू, झाडाच्या फांद्या आणि चिखल भरीत बांध वर आणावयाचा. हा चिखल मजूर पाण्यांत बुड्या मारून तळांतून उपसून आणीत. बांध पुरा झाला म्हणजे आंतील पाणी बाहेर काढावयाचें. त्यासाठीं पूर्वीं लांकडी चक्रें असत, आणि उंच बसून पायांनीं पाती रेटीत माणसें तीं रात्रंदिवस फिरवीत. पुढें यंत्रें आलीं. लांकडाचें पिंप व त्याला जोडलेली लांबट पेटी, असें जें साधन तेथें आजहि दिसतें त्याला ‘पेट्टि व परा’ म्हणतात. यांतील पेट्टि म्हणजे आपली पेटीच. आतां तें विजेच्या मोटारीवर चालतें. ‘पुंचा’ नांवाचें मुख्य पीक पाऊस ओसरल्यावर पेरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडीं कापतात. तोंवर बांधाची राखण डोळ्यांत तेल घालून करावी लागते. पीक निघालें कीं खुंटांत सांडलेले दाणे टिपण्यासाठीं बदकांचे मोठमोठे तांडे सोडतात. आणि बदकांचा राखणदार आपल्याकडील मेंढपाळासारखा काठी घेऊन, पण होडींत बसून, त्यांच्यामागें फिरत असतो.

सरोवरांतून जमीन काढण्याचें काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जोरानें सुरू झालें आणि १९४० नंतरच्या वर्षांत कळसाला पोहोंचलें. त्या वेळच्या मोठ्या शेतांना त्रावणकोरच्या राजघराण्यावरून चित्तिरा, मार्तंडम् व राणी अशीं नांवें दिलेलीं आहेत. नांवें राजांचीं राहिलीं. पण चिखल ज्यांनीं उपसला त्यांचें नांव कोणत्याहि शेताला नाहीं. हे मजूर बहुतेक पुलय व इतर दलित जातींचे होते, आणि त्यांनीं पाण्यांतून वर काढलेल्या जमिनींतील एक वाफाहि त्यांना आपला म्हणतां येत नव्हता. बांध फुटूं लागला म्हणजे त्याच्या पोटांत जिवंत मजुराला गाडीत, अशा कथा त्यांच्या लोकपरंपरेंत आजहि सांगतात. याच सरोवराच्या कांठीं वैकम गांव आहे. तेथील देवळाभोंवतींच्या रस्त्यांवरून चालण्याचा साधा हक्क या लोकांना मिळावा म्हणून १९२४-२५ सालीं सत्याग्रह करावा लागला व महात्माजी तेथें गेले. आमच्यासारख्यांच्या घरांतून ही हकीगत मुलांना सांगितली जावी, कारण असे बंद रस्ते केवळ केरळांतच होते असें नाहीं.

या कष्टकऱ्यांचें जीवन ज्यांनीं साहित्यांत आणलें ते तकळी शिवशंकर पिळ्ळै याच मातींतले. त्यांचा जन्म १९१२ सालीं येथील तकळी गांवीं झाला, आणि १९८४ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. १९४८ सालच्या त्यांच्या ज्या कादंबरींत कुट्टनाडचे शेतमजूर आहेत तिच्या नांवाचा अर्थच ‘दोन मापें भात’ असा आहे. देशाला हरितक्रांति देणाऱ्या डॉ. स्वामिनाथन् यांचें मूळ घराणेंहि कुट्टनाडांतील मंकोंबु या गांवचें. त्यांच्या नांवांतील पहिलें ‘एम्.’ हें अक्षर त्या गांवाचें आहे.

देवधर्माच्या बाबतींतहि येथें तांदूळ आणि पाणी यांचेंच राज्य आहे. वाळूच्या पट्ट्यावरील अंबलप्पुळा येथें श्रीकृष्णाचें प्रसिद्ध मंदिर असून तेथील दुधाचें पायस सर्वतोमुखीं आहे. त्याची कथा अशी. भगवान् एका साधूच्या वेषानें राजाशीं बुद्धिबळें खेळले. पणाला काय लाविलें ? तर पटाच्या पहिल्या घरांत तांदुळाचा एक दाणा, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत चार, याप्रमाणें दुप्पट करीत चौसष्ट घरें भरावयाचीं. राजा हंसला आणि हरला. बेरीज १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ दाण्यांची होते. सारें राज्य विकूनहि ती फिटावयाची नाहीं. तेव्हां देवानें स्वरूप प्रकट करून सांगितलें कीं, हें ऋण रोज थोडथोडें पायस करून फेड. तें अजून फिटतेंच आहे ! श्रेढीचें गणित मुलांच्या गळीं उतरविण्यास याहून गोड साधन मला तरी ठाऊक नाहीं.

जी मूर्ति या मंदिरांत आहे ती नावेंतून आणतांना चंपक्कुळम् गांवीं मुक्काम झाला, त्याची आठवण म्हणून तेथें मिथुन मासांत मूळ नक्षत्रावर नौकांची शर्यत होते. सापाच्या फणेसारखी पाठ उंच उचललेली ती लांबलचक नाव शंभरांवर वल्हेकरी एका तालांत वल्हवितात. आलप्पुळ्याची दुसरी मोठी शर्यत पंडित नेहरूंच्या १९५२ च्या भेटीपासून सुरू झाली व त्यांच्याच नांवानें चालते. वल्हवितांना जीं नौकागीतें म्हणतात त्यांतील सर्वांत प्रसिद्ध काव्य अठराव्या शतकांतील रामपुरत्तु वारियर या कवीचें असून त्याचा विषय कुचेलाची कथा हा आहे. कुचेल म्हणजे आपला सुदामा. मूठभर पोहे घेऊन मित्राकडे गेलेल्या दरिद्री ब्राह्मणाची गोष्ट भाताच्या देशांत, नावेंत बसून, वल्ह्याच्या तालावर गावी, यांत मोठें औचित्य आहे.

आपलें आणि या प्रांताचें नातें केवळ पुराणांतलें नाहीं. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांच्या जाचामुळें गोवा सोडून निघालेलीं अनेक गौड सारस्वत कुटुंबें कोची व आलप्पुळ्याच्या बाजूस येऊन राहिलीं, आणि त्यांच्या घरांत अजून कोंकणी बोलली जाते. मलबारांतील वनस्पतींवर ‘होर्तुस् मलबारिकुस्’ नांवाचा जो बारा भागांचा ग्रंथ डच अधिकारी वॅन ऱ्हीड यांनीं तयार करविला व जो १६७८ ते १६९३ या काळांत ॲम्स्टरडॅम येथें छापला गेला, त्यांत चेर्तलाजवळचे वैद्य इट्टि अच्युतन् यांच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित व अप्पुभट या तीन कोंकणी ब्राह्मणांचें साहाय्य होतें. वनस्पतींचीं नांवें त्यांत नागरी लिपींतहि दिलेलीं आहेत. साडेतीनशें वर्षांपूर्वीं हॉलंडांत छापलेल्या पुस्तकांत आपलीं अक्षरें पाहून कोणाहि शाळामास्तराचें मन भरून येईल.

वाटेंत एका धक्क्यावर चहा घेतांना एक वृद्ध शेतकरी आमचें बोलणें ऐकून जवळ आले आणि चक्क मराठींत म्हणाले, “तुम्ही पुण्याचे काय ?” त्यांची उमेदीचीं वर्षें मुंबईस चेंबूरला गेलीं होतीं. मी शाळेंत शिकवीत होतों हें कळतांच त्यांनीं मला तिकडच्या रीतीप्रमाणें ‘माष्’ म्हणावयास प्रारंभ केला. त्यांनीं आग्रहानें आम्हांस घरीं नेलें. आमच्या कोंकणांतल्या उकड्या तांदुळासारखा तांबूस, जाड भात आणि पतंगाच्या लांकडानें गुलाबी झालेलें ऊन पाणी दिलें. भिंतीवर माझ्या छातीच्या उंचीला एक मळकट रेघ होती. मीं विचारलें, “ही कसली हो ?” ते म्हणाले, “माष्, हें २०१८ चें पाणी. ऑगस्टांत बांध गेला. आम्ही सारे नावेंतून बाहेर पडलों आणि छावणींत राहिलों. परत आलों तेव्हां घरांत चिखल आणि साप.” मग थोडें थांबून म्हणाले, “भिंतीला रंग दिला, पण ही रेघ मुद्दाम ठेवली. नातवंडांनीं बांध विसरूं नये.”

त्याच घराच्या दाराशीं प्लॅस्टिकच्या घागरींची रांग होती. पिण्याचें पाणी नावेनें येतें, तें भरण्यासाठीं. चहूंकडे पाणीच पाणी असून पिण्यास घोटभर नाहीं, हें या अनूप देशाचें दुःख आहे. त्याचीं कारणें अनेक आहेत. खारें पाणी शेतांत शिरूं नये म्हणून १९७० नंतरच्या दशकांत तण्णीरमुक्कम येथें सरोवरावर आडवा बांध घातला व त्याचे दरवाजे पीक उभें असतांना कांहीं महिने बंद ठेवतात. त्यानें भाताचें रक्षण झालें. परंतु समुद्राची भरती ज्या पाण्याला धुवून काढी तें आतां साचून राहतें, जलपर्णी माजते, शेतांतील औषधें त्यांतच मुरतात, आणि कोळ्यांची मासळी घटली. दरवाजे उघडावे असें कोळी म्हणतो, मिटावे असें शेतकरी म्हणतो, आणि दोघांचेंहि म्हणणें पोटासाठीं आहे. त्यांत भर पाहुण्यांची. भात वाहण्यासाठीं एक खिळाहि न मारतां काथ्यानें शिवलेल्या ज्या जुन्या नावा असत, त्यांच्या धर्तीवर १९९० नंतर घरांसारख्या सजविलेल्या नौका निघाल्या. आज अशा शेंकडों नौका तेथें फिरतात. त्यांनीं अनेकांना रोजगार दिला; पण त्यांचें तेल आणि घाण जेथें पडते त्याच पाण्यांत कांठावरची बाई भांडीं घासते.

म्हणून तेथें जाणाऱ्या कुटुंबांना माझी विनंती अशी आहे. अवश्य जावें, पण सावकाश जावें. मोठ्या नौकेच्या बंद खोलींत थंड हवा घेत बसण्यापेक्षां सरकारी नावेचें तिकीट काढावें, आणि एक सकाळ तरी वल्ह्यांच्या लहान होडींतून अरुंद कालव्यांत घालवावी. होडीचा आवाज नसला म्हणजे मासा उसळल्याचा, नारळ पडल्याचा, पलीकडच्या शाळेंतील पाढ्यांचा असे सारे आवाज ऐकूं येतात. आपला कचरा आपल्या पिशवींत परत आणावा. भेटेल त्याला ‘सुखमाणो ?’ म्हणजे ‘सुख आहे ना ?’ एवढें विचारण्यास शिकावें. संस्कृताचा गंध असलेल्या आपल्या मुलांना तो शब्द एकदां ऐकून पाठ होईल, आणि उत्तरादाखल जें हास्य मिळेल तें आयुष्यभर पुरेल.

आणि मुलांना तो बांध अवश्य दाखवावा. नारळी, कुमुदें व पक्षी हें सृष्टीचें देणें आहे. परंतु पाण्याखालीं गेलेल्या भूमीवर डोलणारें तें हिरवें शेत मनुष्याच्या हातांनीं रोज नव्यानें राखलेलें आहे. एका रात्रींची हयगय झाली तर तें पुन्हां सरोवर होईल. आमच्या जांगल देशांत पाणी टिकविणें हें पुण्य मानतात. त्या अनूप देशांत पाणी अडवून धरणें हें पुण्य आहे. दोन्हीकडे लागणारी जागरूकता मात्र एकच. ती ज्यांनीं दाखविली आणि जे आजहि दाखवीत आहेत, त्यांच्याविषयीं मनांत आदर घेऊन परत येणें, हीच त्या रम्य प्रदेशाची खरी यात्रा होय.